चोराची वाट पाहणारी गव्हाणी

निकानोर बाल्साला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रस्त्याकडेच्या खडकावरून शेवाळ सोलत होता. मुकुसायच्या शाळेत माझी नेमणूक होऊन जेमतेम आठवडा झाला होता. डिसेंबरचे दिवस, आणि धुकं इतकं की समोरून येणारा माणूस आधी त्याच्या खोकल्यावरून ओळखावा. बटाट्याच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक जॅकवर उभा होता. मागचं चाक जमिनीवर आडवं, त्यातली ट्यूब बाहेर काढलेली, आणि ज्याने ती काढली तो माणूस ट्रककडे पाठ करून खडकापाशी उकिडवा बसलेला. टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने तो शेवाळाची कड सोडवत होता. झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा, अगदी बेताबेताने.

ड्रायव्हर पायरीवर कपाळ धरून बसला होता.

"अहो दादा, माझं चाक!"

"ठिगळ चिकटवलंय. सुकू द्या."

"कितीक वेळ सुकतंय?"

"शेवाळ निघेस्तोवर."

माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा पाहून ड्रायव्हरला थोडा धीर आला. "बाई, तुम्ही तरी सांगा यांना. मेरिदाच्या बाजारात माणसं माझ्या नावाने खडे फोडत असतील, आणि हे इथे गवत काढत बसलेत."

"गवत नाही, शेवाळ," निकानोर न वळता म्हणाला. "गवताला मुळं असतात."

शेवाळ ओल्या पोत्यात गुंडाळून झाल्यावर त्याने चाक बसवलं, नट आवळले, हात पुसले आणि ड्रायव्हरला विचारलं, "गाडीत काही बारीकसारीक पडलंय का? मोडकं चालेल."

ड्रायव्हरने सीटखाली हात घालून एक प्लॅस्टिकचा डायनोसोर काढला. त्याच्या मुलाने विसरलेला असावा; शेपूट अर्धी तुटलेली होती. निकानोरने तो धुक्यातल्या उजेडाकडे धरला, पोटाखालून पाहिला, आणि गंभीरपणे म्हणाला, "हा गिरणीमागे चरेल."

मला वाटलं, या गावात दिवस काढणं सोपं जाणार नाही.

डिसेंबरात आमच्या डोंगरातल्या प्रत्येक घरी ख्रिसमसच्या गव्हाणीचा देखावा मांडतात. कुणाकडे टेबलाच्या कोपऱ्यात, कुणाकडे चुलीशेजारच्या फळीवर. निकानोरकडे तो पुढची सगळी खोली व्यापायचा. जेवायचं टेबल मागच्या पडवीत जायचं, खुर्च्या पलंगावर चढायच्या, आणि दारापासून आतल्या खोलीपर्यंत एकच माणूस जाईल एवढी वाट राहायची. शेवाळाचे डोंगर, पोत्यांची जमीन, फुटक्या आरशाचं तळं. पुठ्ठ्याची घरं त्याने आपल्या हातांनी केलेली होती, आणि ती कुठल्यातरी बेथलेहेममधली नव्हती, आमच्याच गावातली होती. माझ्या शाळेच्या छपराला जिथे ठिगळ होतं तिथे पुठ्ठ्याच्या शाळेलाही ठिगळ होतं. त्या घरांमधून ड्रायव्हरांनी दिलेली मंडळी नांदायची: रबरी बदक, एका हाताचा शिपाई, औषधाच्या बाटलीच्या बुचावरचा हत्ती, ट्यूबच्या रबराचा चौथा पाय लावलेलं गाढव. विकत आणलेलं त्यात काहीच नव्हतं. एकदा त्याची मुलगी योलेइदा मेरिदाहून नव्याकोऱ्या मेंढ्यांचा डबा घेऊन आली, तर त्याने तो वर्षभर खिडकीत उन्हात ठेवला. "आधी जरा जगाला ओळखू दे त्यांना," म्हणाला.

मी मास्तरीण. मला प्रमाण चुकलेलं खपत नसे. एकदा मी म्हटलं, "निकानोर, तुमची ही मेंढी चर्चपेक्षा मोठी आहे."

"जवळ उभी आहे ना, बाई."

"अहो, पण चर्चला टेकून उभी आहे."

"मग चर्च लांब असेल," तो म्हणाला, आणि हत्तीची दिशा थोडी बदलली.

त्याची बायको एर्सिलिया कामाच्या जागी, टायरांच्या ढिगाशेजारी, गव्हाच्या आरेपा, म्हणजे जाडसर भाकऱ्या, भाजून ड्रायव्हरांना विकायची. काटक, कमी बोलणारी बाई. पण बोलली की घाव वर्मी. आमच्याकडे नवराबायकोही एकमेकांना अहोजाहो करतात, तेव्हा तिची बोलणी फारच सभ्य वाटायची. "बाई, या घरात मी सवतीबरोबर नांदते," ती मला सांगायची. "तिचं नाव डिसेंबर. माहेरी जायचं नावच घेत नाही मेली."

ते खरंच होतं. कांदेलारियाच्या सणापर्यंत, म्हणजे फेब्रुवारी लागतालागता, बाळ येशूला गव्हाणीतून उचलून उभं करायचं अशी आमची रीत आहे. चौघांनी पांढऱ्या रुमालाची चार टोकं धरायची, मध्ये बाळ ठेवायचं, व्हायोलिनच्या साथीवर गाणी म्हणत त्याला गल्लीतून फिरवून आणायचं आणि घरी आणून छोट्या खुर्चीला रिबिनीने बांधून उभं करायचं. मग गव्हाणी आवरायची. आणि ज्याच्या घरचं बाळ सणानंतरही आडवंच राहिलं, त्याचं बाळ शेजाऱ्यांनी खुशाल चोरावं, हीही रीतच. चोरी झाली की घरधन्याने दारोदार शोध काढायचा, आणि बाळ सापडलं की अख्ख्या गावाला वाईन आणि केक खाऊ घालायचा. आळशाला दंड, असा त्यामागचा विचार.

निकानोर आळशी नव्हता. तो मुद्दाम उशीर करायचा.

चोर ठरलेला होता. समोरच्या घरातली तेओतिस्ते, योलेइदाची धर्ममाता, म्हणून निकानोरची कोमाद्रे. तिचा देह भला मोठा आणि हात भलते चपळ. एका वर्षी तिने फादरांच्या डोळ्यांदेखत बाळ स्वेटरच्या बाहीत सरकवलं. एका वर्षी बटाटे उसने मागायला आली आणि टोपलीच्या तळाशी बाळ घेऊन गेली. बटाटे एर्सिलियानेच मोजून दिले होते. चोरी उघडकीला आली की निकानोर दारात येऊन दोन्ही हात डोक्यावर मारायचा.

"कोमाद्रे! माझ्या घरी चोरी झाली हो!"

"काय सांगता, कोंपाद्रे! कोणावर संशय?"

"कुणीतरी अवजड माणूस आहे. माझी मेंढी पाडून गेलाय."

"अवजड म्हणे! आधी आपल्या पोटाकडे बघा, मग पावलांचे ठसे काढा."

मग रविवारी शोध निघायचा. पोरं मेंढपाळ व्हायची, कुणाची तरी मुलगी गाढवावर मरिया होऊन बसायची, काताल्दो आजोबा व्हायोलिन छातीशी धरून पुढे. प्रत्येक दारावर थाप मारून विचारायचं, बाळ इथे आलं का? बाळ कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी तेओतिस्तेचं घर शेवटालाच यायचं. मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, पण उत्तर माहीत असूनही एवढ्या पायऱ्या आनंदाने करणारा वर्ग मला त्या रस्त्यावरच दिसला.

कांदेलारियानंतर निकानोर शेवाळ परत नेऊन त्याच खडकांवर लावायचा, पाणी घालायचा. कुठलं शेवाळ कुठल्या खडकाचं, हे त्याच्या लक्षात असे. हे मात्र मी मुलांना मुद्दाम दाखवायला नेत असे.

नंतरची वर्षं थकवणारी गेली. ती कशी गेली हे सांगत बसायची आता ताकद नाही, आणि आमच्यातल्या कुणाला त्याचं नवलही नाही. आधी पेट्रोल मिळेनासं झालं. मग ट्रक कमी झाले. मग पोरं निघून गेली, कोलंबियाला, पेरूला, चिलीला. मग पोरांनी आईबापांना बोलावून घेतलं. माझे वर्ग लहान होत गेले आणि मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी कुणाला पाठवलंच नाही. योलेइदा कोलंबियात बुकारामांगाला गेली. निकानोर रस्त्याकडेला टायरांवर बसून राहायचा. एखादा लसणाचा ट्रक घाटातून खाली येताना दिसला की उठून उभा राहायचा आणि त्याची चारही चाकं धड आहेत हे पाहून परत बसायचा.

गव्हाणी मात्र तो मांडत राहिला. पुठ्ठ्याच्या घरांत दिव्यांची माळ होती, घरटी एक दिवा. मी एकदा विचारलं, "आता सुलबारानांच्या घरात कशाला दिवा? ते तर कधीच गेले."

"काढून पाहिला, बाई. एक काढला की सगळी माळ विझते. जुनी आहे."

तशीही वीज नसल्यामुळे माळ बहुतेक वेळा विझलेलीच असायची.

गेल्याच्या मागच्या वर्षी, डिसेंबरात, तेओतिस्तेही गाव सोडून गेली. तिचा मुलगा लिमाला होता. बस सुटायच्या आधी ती धापा टाकत निकानोरपाशी आली. "कोंपाद्रे, यंदा बाळाला वेळेवर उभं करा. आता चोरायला मी नाही."

"करतो, कोमाद्रे."

"शपथ घ्या."

"बस सुटेल तुमची."

त्याने शपथ घेतली नाही, हे मी पाहिलं.

पुढच्या फेब्रुवारीत कांदेलारिया आला आणि गेला. बाळ आडवंच. बोटभर लांबीचं लाकडी बाळ, निकानोरच्या आईच्या हातचं, एका पायाचा अंगठा झिजलेला. कार्निव्हल आला आणि गेला. चाळीस दिवसांचा उपासाचा काळ लागला, चर्चमधल्या मूर्तींवर जांभळी कापडं चढायची वेळ आली, तरी निकानोरच्या पुढच्या खोलीत ख्रिसमसच चालू होता. शेवाळ पिवळं पडत चाललं होतं; तो तोंडात पाणी घेऊन त्यावर फवारा मारायचा. दार तो दिवसभर सताड उघडं ठेवी. कामावर जाताना मोठ्याने म्हणे, "चला, मला आता बराच वेळ लागेल!" परतताना कोपऱ्यावरूनच खोकायला लागे, कुणी आत असेल तर त्याला निसटायला सवड मिळावी म्हणून.

"तुमच्या चोरासाठी आम्ही काय न्यूमोनियाने मरायचं?" एर्सिलिया म्हणायची. आमच्या उंचीवर फेब्रुवारीतला वारा दारातून आत येतो तो हाडापर्यंत जातो.

"आजच्या दिवस, एर्सिलिया."

"अहो, गावात कुत्री धरून मोजली तरी शोधयात्रा भरायची नाही. कोण येणारे चोरायला? काताल्दो आजोबा? त्यांना बाळ आणि मेणबत्ती यातला फरक दिसतो का?"

माझ्याकडेही तो आडून सुचवून गेला. मी लोकरीची पिशवी घेऊन त्यांच्याकडे बसले होते. "बाई, तुमच्या पिशवीत पुष्कळ जागा दिसते," तो म्हणाला.

"निकानोर, मी जन्मभर पोरांना चोरी करू नका म्हणून शिकवलं."

"ही चोरी धड्यात नव्हती."

"माझे गुडघेही धड्यात नव्हते. चोराला पळता यायला नको?"

तो हसला, पण पिशवीकडे बघतच हसला.

गंमत इथवर होती. पुढची गोष्ट अशी, की त्या जानेवारीत योलेइदाला मुलगी झाली होती. बाळंतपण अवघड गेलं, जावई दिवसभर कामावर, हाताशी कुणी नाही. तिने दोघांना बोलावलं होतं. घर लहान आहे पण या, म्हणाली. एर्सिलियाचं गाठोडं तेव्हापासून बांधून तयार होतं. निकानोर नाही म्हणत नव्हता. तो म्हणायचा, "जाऊ ना. बाळ उभं राहिलं की जाऊ. बाळ निजलेलं असताना घर बंद करून जात नाहीत, एर्सिलिया. माझ्या आईने कधी केलं नाही."

"मग करा उभं! आत्ता करा!"

"चोरी होऊन गेली की करू."

ईस्टरला फार दिवस उरले नव्हते तेव्हाची गोष्ट. दुपारी एर्सिलिया माझ्याकडे आली. आरेपा गुंडाळायचं कापड तिच्या हातात होतं. मी न सांगताच ती खुर्चीवर बसली. मी गुळाचं पाणी गरम करून दिलं. ते तिने अर्धं प्यायलं. मग कापड माझ्या मांडीवर ठेवलं.

"ठेवा हे तुमच्याकडे. चोरीचा माल आहे."

मी कापड उलगडलं. आत बाळ होतं.

"एर्सिलिया, अहो, घरच्या माणसाने चोरायचं नसतं."

"बाहेरचं माणूस उरलंय कुठे?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढवायचं त्राण नव्हतं. "तिकडे हाडामांसाचं बाळ उताणं पडलंय, बाई, आणि मी इथे लाकडी बाळाच्या पाळतीवर. त्या पोरीला मी अजून फोनमध्येच बघितलीय. वीज असली तर. हे चोरीला गेलं की ते शोध काढतील, उभं करतील, आवरतील. मग तरी निघतील. मला दुसरं काही सुचत नाही."

"त्यांना कळलं तर?"

"कळलं तर म्हणतील, ही चोरी नव्हे. मग पुन्हा दार उघडं." तिने डोळे मिटले. "चाळीस वर्षं त्यांच्या मेंढ्यांखालचं झाडतेय मी. एक मेंढी कधी पडू दिली नाही. आजही पडू दिली नाही."

मी बाळ कपाटात चादरींच्या घडीत ठेवलं. एर्सिलियाने उरलेलं गुळाचं पाणी संपवलं, कप धुतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकानोर माझ्या दारात. डोक्यावर दोन्ही हात. "बाई! चोरी झाली!"

त्याचा असा चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. दाढीसुद्धा केली होती.

"काय सांगता! कोणावर संशय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या कपाटाकडे नाही. "चोर हुशार आहे," म्हणाला. "रविवारी शोध काढायचा. तुम्ही घरीच असा."

रविवारी शोध निघाला तो एवढाच: पुढे काताल्दो आजोबा व्हायोलिन घेऊन, त्यांच्या मागे मेणबत्ती धरलेला निकानोर, एर्सिलिया, आणि खालच्या आळीतल्या दुगार्ते बहिणी. या दोघी बहिणींचं लग्न झालं नाही आणि आपसातलं भांडण मिटलं नाही. त्यांतली थोरली बहिरी आहे. गाढव नव्हतं, मरिया नव्हती, मेंढपाळ नव्हते. मी खिडकीतून पाहत होते. गल्लीतल्या पहिल्याच घराला कुलूप होतं. निकानोर त्या दारापुढे उभा राहिला, थाप मारली आणि विचारलं, "बाळ इथे आलं का?"

काताल्दो आजोबांनी गज खाली घेतला. "अहो निकानोर, एवढं मोठं कुलूप दिसत नाही का? मला दिसलं म्हणजे बघा!"

"चोर कुलूप लावूनच बसतो, आजोबा. वाजवा."

"काय म्हणतोय?" थोरल्या दुगार्तेने विचारलं.

"थांब म्हणतोय!" धाकटी तिच्या कानात ओरडली.

"मग बसायला खुर्ची सांग."

असं करत त्याने सगळी गल्ली केली. सुलबारानांचं घर, तेओतिस्तेचं घर, सगळी. राहत्या घरापुढे जितका थांबला असता तितकाच प्रत्येक बंद दारापुढे थांबला. तेओतिस्तेच्या दारापुढे जरा जास्त. एर्सिलिया शाल घट्ट ओढून मागे उभी होती; जे तिने चोरलं तेच शोधत होती, आणि दर दारापुढे तिची मान थोडी अधिक खाली जात होती.

माझं दार शेवटी आलं. मी उघडलं. त्याने विचारलं. मी म्हटलं, "बाळ इथे आहे," आणि चादरींच्या घडीतून काढून दिलं. त्याने बाळाच्या झिजलेल्या पायावर ओठ टेकले. काताल्दो आजोबांनी सूर धरला. दोन तारा नव्हत्या, पण चाल ओळखू येत होती.

आता रुमालाची चार टोकं. एक मी, दोन दुगार्ते बहिणी. आजोबांचे दोन्ही हात गुंतलेले. एर्सिलियाने हात पुढे केला.

"नाही, एर्सिलिया," निकानोर हळू म्हणाला. "घरच्यांनी टोक धरायचं नसतं. रीत रीतीने होऊ द्या."

तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाकडे पाहिलं.

तेव्हा खालून हॉर्न वाजला. निकानोरच्या कामाच्या जागेपुढे एक लसणाचा ट्रक येऊन थांबला होता, मागचं चाक बसलेलं. ड्रायव्हर चढ चढून वर आला. बारिनासचा, सपाट प्रदेशातला धिप्पाड माणूस, थंडीने ओठ निळे. "टायरवाले इथे कोण?"

"मीच. चला, हे टोक धरा."

"कसलं टोक? माझं चाक गेलंय, काका!"

"चाक कुठे जाणार? तुम्ही नीट धरा, बाळ पडेल."

तो बिचारा एकेकाचं तोंड बघू लागला. धाकटी दुगार्ते म्हणाली, "धर रे बाबा. नाहीतर आज तुझं चाक निघत नाही, उद्याही नाही." त्याने दोन बोटांत टोक धरलं. आम्ही चौघं निघालो. माझे गुडघे, दुगार्ते बहिणींची विरुद्ध दिशांना ओढाओढ, आणि त्या ड्रायव्हरची उंची. बाळ सारखं माझ्याकडे घरंगळत होतं. तेओतिस्तेच्या घरापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो. ड्रायव्हर पहिल्यांदा लाजला होता. परतताना गाण्यातला एक शब्द पकडून तो प्रत्येक ओळीला तोच म्हणू लागला.

निकानोरने बाळाला खुर्चीला रिबिनीने बांधून उभं केलं. वाईन थोडी होती, केक एर्सिलियाने रताळ्याचा केला होता. ड्रायव्हरने तीन तुकडे खाल्ले. चाक बसवून झाल्यावर निकानोरने त्याला गाडीत काही बारीकसारीक आहे का, हे विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गव्हाणी आवरायला मी मदतीला गेले. एर्सिलिया मागे भांडी बांधत होती. निकानोर एकेक प्राणी जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळत होता.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तेओतिस्ते दर वर्षी एकतरी मेंढी आडवी करायची. फादरांनी एकदा गंमत म्हणून उचललं, तर त्यांनी शिपाई तळ्यात पाडला. या वेळी काहीच हललं नव्हतं. तळ्याच्या काचेवर बोट नाही, की शेवाळावर कोपर टेकल्याची खूण नाही."

मी पुठ्ठ्याची शाळा कापडात गुंडाळली.

"तेवढं एकाच माणसाला जमतं."

"मग ही चोरी धरायची की नाही?"

त्याने डायनोसोर हातात घेतला, तुटक्या शेपटीवरून अंगठा फिरवला. "माझी माणसं आता दमलीत, बाई," म्हणाला. "चोरी ती चोरी."

त्या दुपारी तो पोतं खांद्यावर टाकून शेवाळ परत लावायला गेला. अर्धंअधिक वाळून गेलेलं होतं. तरी जे ज्या खडकाचं होतं ते त्यावर लावलं, पाणी घातलं. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. बरंचसं लगेच निसटून खाली पडलं. त्याने ते परत उचलून लावलं नाही.

बसमध्ये माणशी एकच बोचकं न्यायला परवानगी होती. निकानोरने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावेल तेवढंच घेतलं: बाळ, डायनोसोर, रबरी पायाचं गाढव, आणि काठ घासून बोथट केलेला तळ्याच्या आरशाचा एक तुकडा. बाकीचं गाव माझ्या माळ्यावर आहे. दिव्यांची माळही त्यातच आहे. ती लागते की नाही, हे मी पाहिलेलं नाही.

एर्सिलिया महिन्यातून एकदा फोन करते. नात आता चालते, आणि उघड्या दारापायी एर्सिलियाला लागलेला खोकला गेलाय. निकानोर बुकारामांगाला दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारीवर टायर दुरुस्त करतो. तिथे गाड्यांची रांग असते; त्याला मध्ये उठायला फुरसत मिळत नाही आणि संध्याकाळी जेवता जेवता तो झोपतो. गव्हाणी फ्रिजवर मांडलेली आहे, शेवाळाच्या जागी भांडी घासायचे हिरवे स्पंज कापून लावलेत. परवा तिचा फोन आला. मार्च संपत आलाय आणि बाळ अजून आडवंच आहे. निकानोर सकाळी कामावर जाताना फ्लॅटचं दार उघडंच टाकून जातो, आणि योलेइदा रोज त्याच्या मागोमाग जाऊन ते बंद करते.